छाटणीच्या काड्या आणि ईटीपीचा गाळ, दोन्हीचा बायोचार करून सांडपाणी साफ होईल का?

काडीवाला_दिंडोरी
२७ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

मी दिंडोरी तालुक्यातल्या एका लहान वायनरीचा ईटीपी, म्हणजे सांडपाणी साफ करायचा प्लांट, सांभाळतो. कागदावर बीएस्सी केमिस्ट्री, बाकीचं शिक्षण एरेशन टँकच्या (जिवाणूंना हवा देणाऱ्या टाकीच्या) कठड्यावर झालं. घरी वडिलांची तीन एकर थॉमसन द्राक्षबाग. म्हणजे दिवसा गाळ आणि संध्याकाळी बाग. ऑक्टोबर छाटणी नुकतीच उरकली, बांधावर काड्यांचा माणसाच्या उंचीचा ढीग लागलाय. त्याच्या शेजारी एप्रिलच्या खरड छाटणीच्या काड्या खडखडीत वाळून पडल्यात. त्यातल्या थोड्या आईनं चुलीला नेल्या, उरलेल्या सापांना राहायला दिल्या असं वडील म्हणतात.

आता प्लांटचं सांगतो. हंगामात, म्हणजे जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत, रोज साधारण २० हजार लिटर सांडपाणी येतं. एरवी चार-पाच हजार. हंगामात येणाऱ्या पाण्याचा सीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण मोजायचा आकडा, लिटरला मिलिग्रॅममध्ये) ४,००० च्या आसपास आणि पीएच चार-साडेचार. ज्या दिवशी टाक्या कॉस्टिक सोड्यानं धुतात त्या दिवशी मात्र पीएच एकदम ११. गेल्या हंगामात क्लॅरिफायरनंतरचा (गाळ खाली बसवणाऱ्या टाकीनंतरचा) सीओडी २९० ला अडकून बसला, मर्यादा २५० ची. शेवटच्या सँड फिल्टर आणि कार्बन फिल्टरनं कशीबशी लाज राखली. पण त्यातला कार्बन आता मेला. लाल वाइनच्या टाकीचं धुणं आलं की बाहेर पडणारं पाणी फिक्या जांभळासारखं दिसतं. आमचा ओहोळ कादवेला मिळतो, कादवा पुढे नांदूरमध्यमेश्वरला गोदावरीत. तिथे पक्षी बघायला लोक दुर्बिणी घेऊन येतात आणि वर मी जांभळं पाणी सोडतोय, हे मनाला पटत नाही.

नवा कार्बन किलोला शंभराच्या पुढे. मालकांनी कुठलासा व्हिडिओ बघितला आणि सोमवारी मला म्हणाले, "तुझ्या घरी काड्या फुकट, ड्राइंग बेडवर वाळलेला गाळ फुकट. दोन्ही एकत्र जाळून बायोचार कर आणि फिल्टरमध्ये भर." त्यांच्या बोलण्यात सगळंच फुकट असतं, त्यात मीही आलो.

मला एवढंच विचारायचंय. काड्या आणि गाळ एकत्र करून कोळसा, म्हणजेच बायोचार, करावा का? तो कार्बन फिल्टरच्या जागी चालेल का? आणि त्यानं सीओडी उतरेल का? कुणी स्वतः हात काळे केले असतील तर सांगा. व्हिडिओची लिंक नको, मालक पाठवतात.

बोदावरचा_बापू
२८ ऑक्टोबर, सकाळी ६:१५

पाण्याचं मला कळत नाही, कोळशाचं कळतं. मी पिंपळगावकडचा. तीन वर्षं झाली, रोगट काड्यांचा कोळसा करून शेणखतात मिसळतो.

मातीत उलट्या टोपीसारखा खड्डा घे, वर दीड मीटर रुंद, खोली कमरेच्या खाली. तळाशी बारीक काड्या पेटव. निखाऱ्यावर पांढरी राख धरायला लागली की वरून पुढचा पातळ थर टाक. वरची ज्वाळा खालच्या थराला हवा मिळू देत नाही, म्हणून खालचं जळून राख होत नाही, कोळसा होतो. असं थरावर थर करत काठापर्यंत यायचं आणि मग पाणी ओतून विझवायचं. पाणी म्हणजे खरंच पाणी, बादलीभर नाही, टँकरची नळी हाताशी ठेव. याच तत्त्वावरची पत्र्याची भट्टी बाहेरच्या लोकांनी २०१४ मध्ये काढली, तिला कोन-टिकी म्हणतात. आपला खड्डा तेच काम करतो.

पाच किलो वाळल्या काड्या टाकल्या तर किलोभर कोळसा, एवढाच हिशेब धर. ओल्या काड्या घातल्यास तर धुरानं शेजारचा भांडायला येईल, आणि त्याचं बरोबर असेल. सुतळी, ठिबकच्या नळ्या, मल्चिंग पेपरचे तुकडे आधी वेचून काढ. प्लॅस्टिकचा धूर कुणाच्याच बागेला नको.

गाळाचं मात्र मला विचारू नको. आमच्या घरात त्या शब्दाला जेवताना बंदी आहे.

गाळातल्या_काकू
२८ ऑक्टोबर, दुपारी ३:०५

बापूंची कृती बरोबर आहे. आता पाण्याची बाजू मी सांगते. मी २६ वर्षं सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत काढली, आता निवृत्त. गिरणाऱ्याला भावाचा मळा आहे, तिथे लुडबुड करते. तुझ्या लिहिण्यावरून तू माझ्या धाकट्याच्या वयाचा वाटतोस, तर अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

मालकांच्या बोलण्यात तीन प्रश्न एकाच गोणीत भरलेत, ते आधी सोडवू.

पहिला सीओडीचा. तुझ्या पाण्यातला सीओडी म्हणजे आहे काय? मुख्यतः साखर, अल्कोहोल आणि सेंद्रिय आम्लं. हे लहान, पाण्यात मनापासून विरघळणारे रेणू. कोळशाला त्यांची गोडी नाही. जुन्या काळी साखर शुद्ध करायला हाडांचा कोळसा वापरत. तपकिरी पाक त्यातून गाळला की रंग कोळशात अडकायचा आणि साखर खालून स्वच्छ बाहेर यायची. 'परदेशी साखर हाडांनी साफ करतात' म्हणून आपले आजे-पणजे ती खात नसत, ते याचमुळे. आता विचार कर. ज्या वस्तूचा धंदाच मुळी साखर सोडून रंग पकडण्यावर चालला, तिच्याकडून तू साखर पकडून घेणार?

खोटं वाटत असेल तर घरी तपास. द्राक्षवाल्याच्या घरी साखर मोजायचा ब्रिक्स मीटर असतोच. लिटरभर पाण्यात साखर घालून ५ ब्रिक्स कर, दहा ग्रॅम धुतलेली कोळशाची पूड घाल, दिवसभर हलवत ठेव, फडक्यातून गाळ आणि परत थेंब लाव. काय येतं ते इथे लिही.

हिशेबही करू. २० हजार लिटरला लिटरमागे ४ ग्रॅम म्हणजे रोज ८० किलो सीओडी. माझ्या मनाविरुद्ध मोठं मन करून धरलं की एक किलो कोळसा ५० ग्रॅम पकडेल, तरी रोज १,६०० किलो कोळसा लागेल. बापूंच्या पाचास एक हिशेबानं ८ टन वाळल्या काड्या. रोज. दोन दिवसांत तुझ्या वडिलांची बाग संपेल आणि तिसऱ्या दिवशी तू घराबाहेर.

हे काम जिवाणूंचंच आहे. आणि २९० ला अडकलंय ते कार्बन मेला म्हणून नाही, एरेशन टँक उपाशी आहे म्हणून, असा माझा संशय. वायनरीच्या पाण्यात सेंद्रिय कार्बन भरपूर, पण नत्र आणि स्फुरद नसल्यात जमा. जिवाणूंना बीओडीच्या (त्यांना पचणाऱ्या सेंद्रिय घाणीच्या) शंभर भागांमागे पाच भाग नत्र आणि एक भाग स्फुरद लागतं. तुझा बीओडी रोज ५० किलो धरला तर अडीच किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद. म्हणजे साधारण अडीच किलो डीएपी खत आणि साडेचार किलो युरिया, रोज, काट्यावर मोजून, दिवसभरात विभागून. तू किती घालतोस?

दुसरा प्रश्न रंगाचा. इथे मात्र कोळसा तुझ्या कामाचा आहे. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा पॉलिफिनॉलचा, मोठे आणि चपटे रेणू. ते कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटतात. पण बाजारातल्या कार्बनची बरोबरी करायला जाऊ नकोस. चांगल्या सक्रिय कार्बनच्या एका ग्रॅममध्ये ८०० ते १,२०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. खड्ड्यातल्या कोळशाला दोनशे-तीनशे मिळाला तरी नारळ फोड. म्हणून तो त्याच फिल्टरच्या टाकीत भरू नकोस. तो हलका असतो, बॅकवॉशला (उलट्या पाण्यानं धुताना) अर्धा वाहून जातो, उरलेला भुगा होऊन जाळी बंद करतो. लाल टाक्यांचं धुणं वेगळ्या पाइपनं काढता येतं का ते बघ. ते पाणी थोडं असेल. त्याला उघड्या ड्रमची वेगळी सोय कर.

तिसरा गाळाचा, त्यावर उद्या लिहिते, नातीला शाळेतून आणायची वेळ झाली. तोवर एकच सांगते, एकत्र करू नकोस.

आणि माझी फजिती ऐकून ठेव, म्हणजे तुझी वाचेल. भावाच्या गोठ्याच्या मोरीचं पाणी साफ करायला मी ड्रमभर ताजा कोळसा भरला, न धुता. वाटलं, अमोनिया धरेल, वास जाईल. अर्ध्या तासात वास दुप्पट झाला, डोळ्यांतून पाणी. काड्यांच्या राखेत पोटॅश आणि चुना असतो, त्यानं पाण्याचा पीएच साडेनऊवर गेला. सव्वानऊच्या वर गेलं की पाण्यात गुमान बसलेल्या अमोनियमचा निम्म्याहून जास्त वायू होतो. इतकी वर्षं प्रयोगशाळेत हेच शिकवलं होतं मी पोरांना. भाऊ म्हणाला, "अक्का, म्हशी तुझ्याकडे बघतायत." तोच कोळसा चार पाण्यांनी धुऊन, पावसात आठवडाभर ठेवून परत भरला, तेव्हा काम केलं.

ताजा कोळसा विझला असं वाटलं तरी गोणीत भरून घरात ठेवू नकोस. आतून गरम होत जातो आणि रात्री पेट घेतो. दोन दिवस उघड्यावर, ओला.

केवडा_भुरी_कंपनी
२८ ऑक्टोबर, रात्री ८:३०

सगळे कोळशाच्या मागे लागलेत, मी उलटं बोलतो. निरोगी काड्या जाळायच्याच कशाला? ट्रॅक्टरवरच्या यंत्रानं कुट्टी करून बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या वरंब्यावर, टाका. उन्हाळ्यात पाणी वाचतं, तण दबतं, दोन वर्षांत गांडुळं दिसतात. आमच्याकडे काडी बाहेर जातच नाही. फक्त मिलीबग आणि खोडकिड्याची जाळतो.

शिवाय एक गोष्ट कुणी बोललं नाही. पावसाळाभर आपण बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारतो. एक टक्क्याचं म्हटलं तर शंभर लिटरला किलोभर मोरचूद. त्यातलं तांबं काडीवरच बसलेलं असतं, कोळशात कुठे जाणार?

गाळातल्या_काकू
२९ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

केवडा-भुरी, तुमचा दुसरा परिच्छेद लाखमोलाचा. मी लिहायचं विसरलेच होते. पहिल्या परिच्छेदाशीही माझं भांडण नाही.

तांबं उडून जात नाही. काडीचं वजन पाचावर एक झालं की तांब्याचं प्रमाण जवळजवळ पाचपट होतं. ऑक्टोबरला कापलेली काडी एप्रिल ते ऑक्टोबर वाढलेली, म्हणजे सगळा पावसाळा आणि सगळा बोर्डो तिच्या अंगावर. एप्रिलला कापलेली काडी ऑक्टोबरनंतरची, घड असलेल्या काळात तांबं जपून मारतात. म्हणून काडीवाल्या, सापांना दिलेला ढीगच घे. वाळलेलाही तोच आहे. निळसर डाग दिसतील त्या काड्या बाजूला.

तांबं आम्लात सुटतं, पीएच सातच्या पुढे बऱ्यापैकी धरून राहतं. त्यामुळे चारच्या पीएचचं कच्चं पाणी कोळशावर कधीच सोडायचं नाही, आधी उदासीन करून घ्यायचं. आणि वापरायच्या आधी कोळशातून गेलेलं पाणी एकदा प्रयोगशाळेत देऊन तांबं मोजून घे. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला तांब्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे, तुला त्याच्या खूप खाली राहायचंय.

आता गाळ. गाळात पाणी किती असतं याची मालकांना कल्पना नसणार. ड्राइंग बेडवरून फावड्यानं उचलता येतो म्हणून तो कोरडा वाटतो, पण त्यात ७० टक्के पाणी असतं. शंभर किलो गाळ म्हणजे ७० किलो पाणी. एक किलो पाणी उडवायला साधारण अडीच मेगाज्यूल उष्णता लागते, तर ७० किलोला १७५ च्या वर. वाळल्या काडीत किलोला सोळा-सतरा मेगाज्यूल. म्हणजे निव्वळ गाळ वाळवायलाच दहा-अकरा किलो काड्या लागणार, त्याही एकही ज्वाळा वाया गेली नाही तर. उघड्या खड्ड्यात निम्म्याहून जास्त उष्णता आभाळात जाते. शिवाय गाळाचा भुगा ज्वाळेवर टाकला की ती गुदमरते आणि जो वास सुटतो त्याचं वर्णन बापूंच्या घरच्या नियमात बसत नाही. करायचाच तर उन्हात कडक वाळवून, बंद ड्रमात, त्याचा वायू बाहेर जाळून. ते तुझ्या एकट्याचं काम नाही.

आणि एवढं करून हाती काय येतं? गाळाच्या कोळशात राख फार, पृष्ठभाग कमी. त्याचा एक गुण आहे. तू पहिल्या टप्प्यात तुरटी आणि चुना घालतोस ना? त्या गाळातलं ॲल्युमिनियम आणि कॅल्शियम स्फुरद छान पकडतं. नुसत्या काड्यांचा कोळसा ते करत नाही, कारण त्याच्या अंगावर ऋण भार आणि फॉस्फेटवरही ऋण भार. पण तुझ्या पाण्यात स्फुरद कमी पडतं म्हणून तू डीएपी विकत आणून घालतोस. जे बाहेरून आणून घालायचं तेच पकडायला फिल्टर बांधायचा? शहरी सांडपाण्याला ही युक्ती शोभते, वायनरीला नाही.

तुझा दुसऱ्या टप्प्याचा जैविक गाळ वेगळा ठेवता आला तर द्राक्षाच्या चोथ्याबरोबर कंपोस्ट होतो. चोथ्यात नत्र कमी, गाळात जास्त, जोडी जमते. पण तुरटीचा गाळ आणि जैविक गाळ एकाच बेडवर पडत असतील तर आधी ते तोड. तुमच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात गाळाबद्दल काय लिहिलंय तेही वाच. मालकांच्या कपाटात असेल.

सातपूर_नाइट_शिफ्ट
२९ ऑक्टोबर, रात्री ११:५०

काकू, मी प्लेटिंगच्या (धातूला मुलामा देणाऱ्या) कारखान्यात ईटीपीवर आहे. आमच्याकडे गाळाची पोती साचलीत. हे जमत असेल तर काड्या कुठून तरी आणून मीपण करून बघू का? निदान आकारमान कमी होईल.

गाळातल्या_काकू
३० ऑक्टोबर, सकाळी ७:००

नाही. अजिबात नाही, आणि गमतीनंही नाही.

तुझ्या गाळात क्रोमियम, निकेल आहे. सेंद्रिय घाण जाळली तर संपते, धातू संपत नाही, फक्त दाट होतो. त्यातही क्रोमियम फार वाईट. आत्ता तो बहुतेक तीन संयुजेचा, चुन्यानं बसवलेला, शांत आहे. काड्यांच्या अल्कली राखेबरोबर हवेत तापवलास तर त्याचा सहा संयुजेचा होऊ शकतो. तो पाण्यात विरघळतो आणि कर्करोग करतो. २०१६ च्या घातक कचरा नियमांत सांडपाण्याचा रासायनिक गाळ ३५.३ क्रमांकावर आहे. तो अधिकृत विल्हेवाट केंद्रालाच जायचा, पावतीसकट. पोती साचली असतील तर वरच्यांना लेखी कळव आणि प्रत स्वतःकडे ठेव.

काडीवाला_दिंडोरी
१६ नोव्हेंबर, रात्री १०:१०

मंडळी, दोन रविवार घातले. अहवाल देतो.

ढिगातून एक धामण निघाली, आईनं तिला हात जोडले, मग खड्डा खणला. पहिला डाव बिघडला. मी थर जाड टाकत होतो, धूर वस्तीवर गेला. दुसऱ्या डावात बापूंचं ऐकलं, पांढरी राख धरेपर्यंत थांबलो. तीन तासांत पाच टोपल्या कोळसा. मोडला की काचेसारखा वाजतो, बोटाला काळं कमी लागतं. तो बरा असं समजतोय.

ब्रिक्स. घातली ५, दुसऱ्या दिवशी ५. वडिलांनी स्वतः मीटर डोळ्याला लावला, पुसला, परत लावला. म्हणाले, "तुझ्या कोळशाला डायबेटिस आहे, गोड खात नाही."

रंगाचा प्रयोग मी आधी न धुतलेल्या कोळशावर केला, कारण मला घाई. बिसलेरीच्या बाटलीत लाल टाकीचं धुणं, लिटरला दहा ग्रॅम पूड. तासाभरात पाणी हिरवट निळं झालं. काकू, माझ्या पोटात गोळा आला, वाटलं मोरचूदच सुटला. बाटली लपवून ठेवली. मग दुसरी बाटली धुतलेल्या कोळशाची केली. ती सकाळपर्यंत जांभळावरून फिक्या चहावर आली. फडक्यातून गाळल्यावर मालकांना दाखवली, ते म्हणाले पिऊ का. मी नको म्हणालो.

युरिया-डीएपी मी "दोन मुठी" घालत होतो. मूठ काट्यावर ठेवली, तर दोन मुठींत पाव किलोही भरत नाही. आणि कॉस्टिकचं धुणं थेट जातं, समतोल टाकीचा (सगळं पाणी आधी मिसळून सारखं करायच्या टाकीचा) मिक्सर दोन वर्षं बंद आहे.

ती हिरवी बाटली अजून आहे. काय करू?

गाळातल्या_काकू
१७ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

हळदीला चुना लावला की कुंकू होतं, तसंच हे. लाल द्राक्षाचा रंग आम्लात लाल, अल्कलीत निळा-हिरवा. राखेनं पीएच चढवला, रंगानं कूस बदलली. खात्री करायची तर त्याच धुण्याच्या कपात चिमूटभर खायचा सोडा टाक, कोळसा नको. रंग तसाच पालटेल. त्या बाटलीत लिंबू पिळलंस तर थोडा लालपणा परतही येईल. म्हणून तांब्याची तपासणी सोडायची असं मात्र नाही, ते डोळ्यांना दिसत नाही एवढ्या प्रमाणातही असतं.

धुतलेल्याचा निकाल चांगला आहे. आता ड्रमचं. कोळसा फोडून चाळ, ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढा ठेव. बारीक पूड भावाच्या उकिरड्यावर गेली होती, तू बापूंना दे. चाळलेला कोळसा एक दिवस पाण्यात भिजवून ठेव. भोकांत हवा असते तोवर तो तरंगतो. ड्रमच्या तळाशी खडी, वर वाळू, मग कोळसा, त्यावर परत खडीचा थर, नाहीतर वर येईल. असे तीन ड्रम एकापुढे एक. पाणी संथ सोडायचं, तासाला एका ड्रमच्या आकारमानाएवढंही नको. तिसऱ्यातून रंग दिसायला लागला की पहिला रिकामा करायचा, दुसऱ्याला पहिला करायचा आणि नवा भरलेला शेवटी लावायचा. म्हणजे सगळ्यात थकलेला कोळसा नेहमी सगळ्यात घाण पाण्यापुढे असतो आणि ताजा शेवटी राखणीला.

काढलेला कोळसा तांब्याचा अहवाल चांगला आला तरच चोथ्याच्या कंपोस्टमध्ये.

पण हे सगळं करायच्या आधी तो मिक्सर दुरुस्त करून घे. अकराच्या पीएचचा लोंढा थेट जिवाणूंच्या अंगावर जातोय आणि वर तू त्यांना दोन मुठी खायला घालतोस. तरी २९० देतायत, मला त्यांचं कौतुक वाटतं.

बोदावरचा_बापू
१७ नोव्हेंबर, दुपारी १:४५

पूड घ्यायला कधी येऊ? टोपली माझी आणतो. आणि उरलेला ढीग पेटवायच्या आधी काठीनं हलव, एक धामण निघाली म्हणजे दुसरीही असू शकते.

काडीवाला_दिंडोरी
१२ डिसेंबर, रात्री ९:०५

बापू, रविवारी या, दुसरी निघाली.

मिक्सरची मोटर रिवाइंड करून आली. मालकांना पटवायला काकूंचा रोजच्या ८ टन काड्यांचा हिशेब कागदावर लिहून दाखवला, त्यांनी दोनदा वाचला आणि मोटरच्या बिलावर सही केली. फिल्टरचा कार्बन निम्मा नवा भरायला ते तयार झालेत. लाल धुण्याचा पाइप वेगळा काढला, हंगामातही दिवसाला हजार-बाराशे लिटरच्या वर जाईल असं वाटत नाही. ते पाणी आधी एका टाकीत चुन्यानं सातवर आणतो, मग तीन ड्रम. तांब्याचा नमुना काल दिला. काकू, अहवाल आला की आकडा इथे टाकतो, तोवर ड्रममधून गेलेलं पाणी बाहेर न सोडता परत समतोल टाकीतच घेतोय.

युरिया-डीएपी काट्यावर सुरू आहे. सध्या पाणी कमी म्हणून मात्राही कमी. काल क्लॅरिफायरनंतरचा सीओडी १६० होता, पण हा डिसेंबर आहे, फेब्रुवारीत बोलू. निफाडकडे पारा उतरतोय म्हणे, इथेही सकाळी टँकवर वाफ दिसते. थंडीत जिवाणू आळसतात, तेव्हा एरेशनची वेळ वाढवू का तेवढं सांगा.